खांब नसलेलं छप्पर

बाबा, तुम्ही गेलात तेव्हा तुमचं जे वय होतं, त्याहून मी आता अकरा वर्षांनी मोठा झालो आहे. सकाळी दाढी करताना आरशात कधीकधी तुम्ही दिसता, आणि तुमच्या तोंडून तुमचंच एक वाक्य ऐकू येतं, कविराज, मुद्द्यावर या. म्हणून या खेपेला मुद्द्यावरच येतो. याआधी तीनदा लिहायला बसलो आणि तीनही वेळा कापसाच्या गाड्या, चिखलीच्या वाटेवरचे कडुनिंब, ऊन, असलं काहीबाही लिहून पानं भरली. शाळेच्या पुस्तकातल्या कवितांनी मला ही खोड लावली, असं तुम्ही म्हणायचात. लावली असेल. पण आज पाद्रीबाबांच्या देवळाविषयी लिहायचं आहे, त्यातही दारावरच्या त्या छपराविषयी.

तुम्हाला आठवत असेल, पाद्रीबाबा तो निळा कागद घेऊन आपल्या ओसरीवर आले होते. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं, मोठं काम म्हटलं की नकाशा नागपूरहून यायचा. तुम्ही कागद उलटा धरला, मग सुलटा केला आणि विचारलं, यात कळस कुठं आहे. कळस नव्हता. घुमट नव्हता, कमान नव्हती. दोन उंच भिंती, बाजूला बोटभर रुंदीच्या लांब खिडक्या आणि वेदीच्या मागे वरून उजेड उतरायला एक फट. सगळं सिमिटाचं, आतली वेदीसुद्धा, एकसंध, एका शिळेसारखी. विटांचा आणि चुन्याचा संबंध नाही, त्यामुळे सुतार आधी आणि गवंडी मागून. आम्ही फळ्यांचा साचा उभा करायचा, देऊळघाटच्या मिस्त्रीचाचांच्या माणसांनी त्यात सिमिट ओतायचं. तुम्ही पहिल्या चार फळ्यांना आरशासारखा रंधा मारून नेलात, तेव्हा पाद्रीबाबा कळवळून म्हणाले, "सुतारबुवा, रंधा नको. लाकडाच्या रेषा भिंतीवर उमटू द्या." रंधा न मारलेली फळी देवाच्या घराला लावायची, ही गोष्ट तुमच्या घशाखाली उतरेना. मग पहिली भिंत उघडली. सागाचा एकेक दोरा, एकेक गाठ त्या करड्या भिंतीवर जशीच्या तशी. तुम्ही तिच्यावरून तळवा फिरवलात आणि मला म्हणालात, "हे तं आपल्याच हातचं हाय." त्या दिवसापासून ते देऊळ तुमचं झालं. आतली बाकं, वाचायचं उभं मेज, कबुलीजबाबाची लाकडी खोली, हे सगळं तुम्ही मनात करून ठेवलं होतं. जेवताना ताटाच्या कडेला बोटाने बाकाची पाठ काढायचात, तिला किती कल द्यायचा ते.

राहिलं दारावरचं छप्पर. भिंतीतून आठ हात बाहेर येणार आणि खाली एकही खांब नाही. गावात त्याचीच चर्चा. कोणी म्हणे पाद्री मंतर घालणार, कोणी म्हणे पहिल्या पावसात सगळे पाद्री खाली सापडतील. मिस्त्रीचाचांनाही कोडं पडलं होतं, कारण नेहमीच्या छतात लोखंडाच्या सळया खालच्या अंगाला असतात आणि या नकाशात त्या वरच्या अंगाला दाखवलेल्या. चूक असावी असं सगळ्यांना वाटलं. तुम्ही बाहेर जाऊन कडुनिंबाच्या फांदीला लटकलात, त्या वयात. फांदी कडकडली. "पहा," तुम्ही म्हणालात, "फांदी कुठून फाटते? वरून. मंग दोरी वरूनच बांधली पाहिजे ना." नागपूरच्या नकाशाला जे सांगता आलं नाही ते एका फांदीने सांगितलं. मला त्या वेळी तुमचा इतका अभिमान वाटला की मी त्यावर चार ओळीही जुळवल्या होत्या. त्या दाखवायचं धाडस झालं नाही.

सिमिट भरायच्या दिवशी तुम्ही खाली धिऱ्यांपाशी, साचा पेलणाऱ्या टेकूंपाशी होतात आणि मला वर उभं केलं होतं. काम एकच. दगडाच्या बुटक्या तुकड्यांवर सळया तोलून ठेवल्या होत्या, त्यांच्यावर कोणाचा पाय पडू द्यायचा नाही, घमेलेवाल्यांनी फळीवरूनच चालायचं. मी बावीस वर्षांचा, लग्न झालेला, लहान पोर नव्हतो. पण घमेली एका लयीत येत होती, एक दोन तीन, एक दोन तीन, आणि त्या लयीवर मला सहावीच्या पुस्तकातली नदीची कविता आठवली. मी ती चालीवर म्हणत म्हणत मागे सरकलो. डाव्या अंगाला पायाखाली काहीतरी कलंडलं. दगड निसटले होते, चारपाच सळया खाली बसल्या होत्या. मी वाकून पाहिलं. आकडीने उचलायच्या, दगड पुन्हा सारायचे, वेळ कितीसा लागला असता. पण त्यासाठी हाक मारून काम थांबवावं लागलं असतं, आणि सकाळीच सगळ्यांदेखत तुम्ही म्हणाला होतात की कविराजांना वर ठेवलंय, ते ढगाशी बोलत बसले नाहीत म्हणजे मिळवली. सगळे हसले होते. मी हाक मारली नाही. पुढचं घमेलं त्यावर पडलं, मग त्यापुढचं.

अठ्ठावीस दिवस धिरे ठेवायचे होते. मी रोज सकाळी त्या छपरावर पाणी भरायला जायचो. भेग शोधायचो. भेग नव्हती, असणार कशी, खाली धिरे होते. रोज ठरवायचो, आज सांगतो. दहाव्या दिवशी तुम्हाला ताप होता, म्हणून राहिलं. पंधराव्या दिवशी तुम्ही खुशीत होतात, म्हणून राहिलं. आपल्या धंद्यातली रीत मला माहीत होती. कमानीचा असो की छताचा, साचा ज्याने उभा केला त्यानेच काढायचा, आणि काढून झाला की त्याच्याखाली बसून एक बिडी संपवायची. तुमच्या बापाने हेच केलं होतं, अमडापूरच्या विहिरीच्या कमानीखाली. म्हणजे मी गप्प राहिलो तर त्या छपराखाली कोण बसणार, हे मला पहिल्या संध्याकाळपासून ठाऊक होतं.

साचा काढायचा तो दिवस मला अजून समोर दिसतो. पाद्रीबाबा पांढऱ्या झग्यात दाराशी उभे आहेत. गावातली वीसपंचवीस माणसं कडुनिंबाखाली बसलीत, अंतर राखून. तुम्ही पहिल्या धिऱ्याच्या बुडाशी नारळ फोडता, आणि पाद्रीबाबा तेवढ्यापुरते दुसरीकडे पाहतात. बाहेरच्या टोकापासून सुरुवात करायची असते. तुम्ही मोगरी घेता, मधल्या धिऱ्याखालच्या पाचरीला पहिला ठोका देता, दुसरा देता. पाचर बोटभर सरकते. वरून बारीकसा आवाज येतो, लाकडाचा की सिमिटाचा ते कळत नाही. मी चालत येऊन तुमच्या शेजारी, छपराखाली उभा राहतो.

"बाजूले हो," तुम्ही मान वर न करता म्हणालात.

मी हललो नाही.

"काऊन बे, ऐकू नाही येऊन राह्यलं?"

"बाबा," मी हळू आवाजात म्हणालो, "सळया दबल्या हायेत. डाव्या अंगाच्या. माह्या पायानं."

मोगरी तुमच्या हातात तशीच राहिली. "कवा?"

"भरतीच्या दिवशी."

"अन् तुले कवापासून मालूम?"

"त्याच दिवशी."

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. रागाने पाहिलं असतं तर बरं झालं असतं. मग खाली बसलात आणि पाचरीला उलट्या बाजूने ठोका घातलात, एक, दोन, तीन, पाचर पहिल्या जागी घट्ट बसेपर्यंत. उठलात, हात झटकलेत आणि पाद्रीबाबांकडे जाऊन सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालात, "फादर, आज साचा निघत नाही. वरच्या सळया दबल्या हायेत. माह्याच पायानं दबल्या." मिस्त्रीचाचांनी तोंड उघडलं. भरतीच्या दिवशी तुम्ही वर चढलाच नव्हतात, हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत होतं? तुम्ही त्यांच्याकडे नुसतं पाहिलंत. ते बिडी पेटवू लागले.

छप्पर वरून छिन्नीने टाचून पाहिलं, सळया चार बोटं खाली सापडल्या. सगळं फोडून पुन्हा भरलं. या खेपेला तुम्ही दिवसभर स्वतः वर उभे होतात, आणि अठ्ठावीस दिवसांनी साचा काढल्यावर एकटेच खाली बसलात. मी यायला लागलो तर हातानेच लांब थांबवलंत. ती बिडी फार वेळ जळली, बाबा. घरी तुम्ही मला एकदाच बोललात, तेही आईला ऐकू जाणार नाही अशा बेताने. "सांगायले जीभ जड झाली, अन् कविता म्हणायले हलकी?" बस, तेवढंच.

पण पाद्रीबाबांच्या मनाने वेगळंच घेतलं होतं. मी तुमच्या कानाशी काही बोललो आणि तुम्ही थांबलात, एवढंच त्यांना दिसलं होतं; मुलाने वेळेवर पाहिलं म्हणून बाप वाचला, असं. आतलं लाकडी काम त्यांनी तुम्हाला दिलं नाही. मला दिलं. तसं सांगायला ते घरी आले, फार अवघडून बोलले, सुतारबुवा, मनात काही आणू नका, मुलगा सावध आहे. मी तुमच्याकडे पाहिलं. आता तरी तुम्ही खरं सांगाल असं वाटलं. सांगावं असंही वाटलं, सांगू नये असंही. तुम्ही मला म्हणालात, "कर." आणि लाकूड तासायचा तुमचा वाकस माझ्या हातात दिलात. त्यानंतर चार महिने तुम्ही त्या आवारात पाऊल टाकलं नाही. संध्याकाळी अंगणात मी बाकाची एकेक पाठ आणायचो, तुम्ही सांध्यांमधलं कुसू तपासायचात, कल दाखवायचात, माझ्याकडून पुन्हा करून घ्यायचात. ती बाकं अजून आहेत. लोक म्हणतात अशी बाकं जिल्ह्यात नाहीत. ताटाच्या कडेला काढलेली तीच पाठ आहे ती.

देऊळ उघडलं त्या सकाळी तुम्ही आलात, पण आत आला नाहीत. त्या छपराखाली टोपी हातात घेऊन उभे राहिलात. आत पाद्रीबाबांनी मला पुढे बोलावलं आणि आपल्या पुस्तकी मराठीत सगळ्यांना सांगितलं की या तरुणाच्या सावध नजरेने एका माणसाचे प्राण वाचले. सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. उघड्या दारातून तुम्ही मला दिसत होतात. मी हात जोडले आणि वाकलो.

हा कागद कुठे टाकायचा, मला माहीत नाही. घडी करून ठेवून देईन. त्या वेळी मला लाजेने मेल्यासारखं झालं, असं मी माझ्या बायकोला सांगितलं, पोरांना सांगितलं, इतकी वर्षं स्वतःलाही सांगितलं. लाज आली, पण ती घरी जाताना आली. तिथे, त्या उजेडात, सगळे माझ्याकडे पाहत असताना, मला फार बरं वाटलं होतं, बाबा.