सासऱ्यांसाठी चीक

१ मार्च, रविवार
ही वही फक्त माझ्यासाठी, त्यामुळे खरं लिहायला हरकत नाही.
विषय: सासरे. कमलाकरराव पुण्याहून इंग्लंडला, आमच्या बेसिंगस्टोकच्या घरी येऊन महिना झाला. वीस वर्षांत त्यांनी माझं कौतुक एकदाच केलं, तेही पार्किंगचं. काल जेवताना म्हणाले, खरवस खाऊन किती वर्षं झाली. बघत आमटीकडे होते, पण रोख माझ्याकडेच होता.
संकल्प: खरवस. पावडरचा नाही. खऱ्या चिकाचा.

२ मार्च
मीनाक्षीकडे विषय काढून बघितला. बायको फार्मासिस्ट असली की घरात प्रत्येक गोष्टीला साइड इफेक्ट असतो. म्हणाली, बाबांना आईची किडनी बसवलीय आणि आई आता नाही. दुसरी मिळणार नाही. ती टिकावी म्हणून गोळ्यांनी त्यांची प्रतिकारशक्ती मुद्दाम कमी ठेवतात. कच्चं दूध नको, जनावरं नकोत, माती नको. ही यादी फ्रिजवर लावलीच आहे.
मी बारा वर्षं प्रोजेक्ट मॅनेजर आहे. रिस्क मला शिकवू नये. खरवस वाफवतात. वाफेत काय जगणार?
शनिवारी मीनाक्षी ट्रेनिंगला मँचेस्टरला चाललीय. विंडो मिळाली.

७ मार्च, शनिवार. दुपारी १२
फार्मवर जाऊन आलो. शेतकऱ्याचं नाव रॉजर, सज्जन माणूस. त्याने विचारलं, चीक कशाला हवाय, कोकरासाठी का. हो म्हणालो. सासऱ्यांचं सांगत बसलो असतो तर दिवस गेला असता. कालच व्यालेल्या गाईचा दोन लिटर दिला.
शेजारच्या कप्प्यात आठ-दहा दिवसांचं वासरू. गोड, जरा मलूल. माझी बोटं चोखत होतं. रॉजर म्हणाला, ते स्काउरिंग आहे, हात साबणाने नीट धुवा. स्काउरिंग म्हणजे घासणं, आपला भांडी घासायचा पॅड असतो तसं. म्हणजे वासरूसुद्धा घासूनपुसून ठेवतात. मागून पिवळं, ओलं होतं, ते त्या धुण्यामुळेच असणार.
नळाला पाणी बर्फाचं. साबणाऐवजी हाताला जेल लावलं, तीनदा. ९९.९ टक्के जंतू मरतात, बाटलीवर लिहिलंय.

संध्याकाळी ६
खरवस उत्तम. पंचवीस मिनिटं वाफ, वेलची, केशर. वड्या मी पाडल्या आणि पहिली वडी स्वतःच्या हाताने सासऱ्यांना भरवली. फार्मची, वासराची गंमतही सांगितली. मीनाक्षीला सांगू नका म्हणालो, तर हसले. म्हणाले, पुरुषोत्तमराव, तुम्ही कमाल केलीत. दुसरी वडी मागून घेतली.
वरदा म्हणाली, बाबा, तुझी हात फार्मसारखी स्मेल करते. पंधरा वर्षांची झाली तरी लिंगाचा घोळ जात नाही. रविवारच्या मराठी शाळेत पुन्हा घालायला हवी.

१३ मार्च
पोट बिघडलंय. पाण्यासारखं. ऑफिसच्या कँटीनमधलं चिकन. तक्रार करणार.

१५ मार्च, रविवार
सासऱ्यांनाही जुलाब. त्यांनी कँटीनचं चिकन खाल्लेलं नाही. हवामान असेल.

१६ मार्च
सासरे सकाळपासून अकरा वेळा उठले. मीनाक्षी त्यांना घेऊन डॉक्टरकडे गेली. गाडी मी चालवली. डॉक्टरने विचारलं, जनावरांशी संपर्क? मीनाक्षी ठामपणे म्हणाली, नाही, मी येऊच दिला नाही. मी भिंतीवरचं दातांचं पोस्टर वाचत होतो. चांगलं पोस्टर होतं.
डॉक्टरला वाटतं, नव्या गोळीचा परिणाम. ती बदलली.

१८ मार्च
वरदाला सहज विचारलं, स्काउरिंगचा आणखी काही अर्थ आहे का. क्रॉसवर्डसाठी. फोनवर बघून म्हणाली, वासराला लूज मोशन्स होतो, ते. मग पुढचंही वाचून दाखवलं, मी विचारलं नव्हतं तरी: वासरांच्या आतड्यात एक परजीवी असतो, तो माणसाला होतो, त्याला हँड जेलने काही होत नाही, साबण आणि पाणीच लागतं. मग माझ्याकडे बघत राहिली.
खरवस निर्दोष आहे, हे नोंदवून ठेवतो. पंचवीस मिनिटं वाफ. प्रश्न फक्त हाताचा आहे.
आज मीनाक्षीला सांगणार. ती दमलीय. उद्या.

२० मार्च, शुक्रवार
सासरे साउथहॅम्प्टनला हॉस्पिटलमध्ये. अंगात पाणी राहिलेलं नाही, किडनीचे आकडे चढताहेत. तपासणीत तोच परजीवी निघाला. खात्रीचं असं औषध त्याला नाही म्हणे, त्यांच्यासारख्याला तर नाहीच.
दुपारी कौन्सिलच्या आरोग्य खात्यातून एक बाई फोनवर. आणखी कोणी आजारी पडू नये म्हणून विचारतोय, म्हणाली. पंधरा दिवसांत घरातलं कोणी फार्मवर गेलं होतं? वासराला हात लावला होता? मी म्हणालो, आम्ही आयटीत आहोत.
मला भीती वाटतेय. लिहून ठेवतो, म्हणजे कमी होईल.

२२ मार्च, रविवार
सगळं कागदावर लिहून नेलं. सात मुद्दे. वॉर्डात मीनाक्षी सासऱ्यांच्या उशाशी होती. मी कागद काढला, तेवढ्यात सासरेच बोलले. आवाज जेमतेम निघत होता. म्हणाले, मीनू, मीच फार्मवर गेलो होतो. तू मँचेस्टरला होतीस तेव्हा. पुरुषोत्तमराव नको म्हणत होते, मीच हट्ट केला. वासराला हात लावला.
मीनाक्षी बोलायला लागली. आईने दिलेली एक गोष्ट सांभाळता आली नाही तुम्हाला, इथपर्यंत बोलली. ते मान हलवत होते. माझ्याकडे एकदाही बघितलं नाही.
कागद खिशात ठेवला.
डॉक्टर म्हणाले, उद्या सकाळी डायलिसिस. किडनी परत चालेल असं सांगता येत नाही. शुद्धीवर राहतील का, तेही नाही.
मीनाक्षी त्यांच्याशी न बोलता निघाली. घरी आल्यावर मला गरम भात वाढला, वर तूप घातलं. म्हणाली, निदान तू तरी त्यांना अडवलंस.
मी दोनदा भात घेतला.