स्वतः, पायी

दि. १५, रविवार, संध्याकाळचे सहा

प्रिय धाकट्यास,

थोरल्याचे आशीर्वाद. तुम्ही सगळे खुशाल असाल असं धरून चालतो. इकडे तुझ्या वहिनीचा गुडघा जिना चढताना बोलतो, उतरताना गप्प बसतो. हवा कोरडी. पर्जन्यमापकात बारा दिवसांत थेंब नाही. बाकी सर्व ठीक, असं लिहिणार होतो, पण त्या शब्दापाशी पेन्सिल अडली. त्याबद्दल पुढे.

तुझ्या बायकोने काल आणलेला कागद मिळाला. ती दारातच उभी राहिली. आत ये म्हटलं तर म्हणाली, "नको दादा. ते म्हणाले, नुसती सही हवी. मला काही विचारू नका." मी काही विचारलं नाही. पाकीट माझ्या हातात देऊन ती पाठ फिरवून गेली. तुझ्या दारापासून माझ्या दारापर्यंत अकरा मिनिटं लागतात, सावकाश चालत. मी मोजली आहेत. तू का आला नाहीस, हेही विचारत नाही.

आधी शिवणवाल्या बाईंचं सांगतो, कारण तू तिकडे पुन्हा फिरकला नाहीस. त्यांच्या खोलीतला गाळ परवा संपला. भिंतीवर त्याची रेघ राहिली आहे, फरशीपासून सत्तेचाळीस सेंटिमीटर. तीन मशीनपैकी दोन मी उघडून, पुसून, तेल घालून चालू केली. तिसऱ्याच्या मोटारीत माती गेली आहे, ते चालत नाही. कापलेले कपडे सगळे गेले. त्या एकदाही ओरडल्या नाहीत. परवा नुसतं म्हणाल्या, "तुम्ही म्हणाला होतात, वाटीभर माती येणार नाही. वाटी मोठी निघाली हो तुमची."

मी म्हणालो होतो. टेकडीवरचं गवत काढायच्या आदल्या दिवशी त्यांच्या दारात उभा राहून म्हणालो होतो. बत्तीस घरांसाठी सगळा उतार टप्प्याटप्प्याने उघडा होणार आणि उताराच्या पायथ्याशी पहिलं घर त्यांचं. तेव्हा त्यांना सगळं समजावून सांगितलं. आधी गाळतळं खणायचं, मग वरचं पाणी वळवायला चर, मग खालच्या हद्दीवर गाळ अडवायचं कापड, त्याची खालची कड वीतभर जमिनीत पुरलेली, आणि सगळ्यात शेवटी गवताला हात. सात दिवसांत झाकता येईल तेवढीच जमीन उघडायची. पाणी तळ्यात थांबतं, माती खाली बसते, वरचं नितळ पाणी बाहेर जातं. त्यांनी विचारलं, "आणि हे सगळं बघणार कोण?" मी म्हणालो, "मी. रोज."

हे काम मला कुणी शिकवलं नाही, तुला माहीत आहे. मी खोदाईवर होतो. पाणी माती कशी नेतं हे बघत बघत शिकलो, पुस्तकं मागून आणली, न कळलेल्या शब्दांखाली रेघा मारल्या आणि तू इंजिनिअरिंगला गेल्यावर ते शब्द तुला विचारले. तू सांगायचास. तेव्हा हसायचा नाहीस.

साइटच्या रोजच्या रजिस्टरच्या शेवटच्या रकान्यात, 'पाहणी कोणी व कशी केली' इथे, मी नऊ वर्षं तेच दोन शब्द लिहितो: स्वतः, पायी. बाकीचे मुकादम गाडीतून काच खाली करून बघतात. गाडीतून कापडाची खालची कड दिसत नाही. ती दिसायला वाकावं लागतं. तू पहिल्यांदा माझ्या साइटवर इंजिनिअर म्हणून आलास, तेव्हा तो रकाना वाचून म्हणालास, "दादा, ही तर सही झाली तुझी." मला केवढं बरं वाटलं होतं.

आता पावसाआधीच्या त्या शुक्रवारबद्दल.

सकाळी खालच्या हद्दीवर गेलो तर गाळतळ्यात बुलडोझर उभा. अर्धं तळं बुजवलेलं. चालकाने नवं ड्रॉइंग दाखवलं. तळ्याच्या जागी चार प्लॉट, आणि पाण्यासाठी जमिनीखालून एक पाइप. खाली तुझी सही. मी ड्रॉइंग घेऊन तडक तुझ्या ऑफिसात आलो. तिथे तुझ्या हाताखालचे दोघे होते, आणि बिल्डरचा माणूस खुर्चीत.

तू म्हणालास, "पाण्याचं गणित बसतंय, दादा. पाइप पुरतो."

मी म्हणालो, "पाण्याचं बसेल. मातीचं? उतार उघडा आहे. पाइप पहिल्याच सरीत चोंदेल."

"माती अडवायला कापड आहे की."

"कापड तळ्याच्या मदतीला असतं. एकट्याने ते एवढा उतार पेलत नाही. हे तूच मला पुस्तकातून वाचून दाखवलं होतंस."

त्यावर तू त्या खुर्चीतल्या माणसाकडे बघितलंस आणि हसत म्हणालास, "आमच्या दादाला काठी कळते, आकडे नाहीत." सगळे हसले. काठी म्हणजे माझी ती खुणा केलेली, तळ्यातला गाळ मोजायची. तिच्या खुणा तूच करून दिल्या होत्यास, कंपासच्या टोकाने.

मी ड्रॉइंगची घडी घातली आणि निघालो. नाराज झालो असं समज आणि पुढे वाच.

मंगळवारी, तीन तारखेला, दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी पाऊस सुरू झाला आणि पन्नास मिनिटांनी थांबला. चौतीस मिलिमीटर. पाइप पंधराव्या मिनिटाला चोंदला. मग पाण्याने कापड फाडलं आणि सगळा उतार बाईंच्या दारातून आत गेला. मी फावडं घेऊन त्यांच्या खोलीत होतो तेव्हा तू आलास. गुडघाभर गाळात उतरलास, बूट न काढता. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणालास, "दादा, तू बाईंकडे बघ. रजिस्टर मी सांभाळतो, साइटच्या ऑफिसात भिजेल." मला भरून आलं रे. मला वाटलं, चुकला, पण आपलाच आहे.

रजिस्टर दोन दिवस तुझ्याकडे होतं, मग चौकशीत जमा झालं.

या गुरुवारी, बारा तारखेला, चौकशीवाल्या अधिकाऱ्यांनी मला बोलावलं. सज्जन आहेत, चष्मा कपाळावर ठेवून शोधत बसतात. त्यांनी रजिस्टर उघडून माझ्यापुढे सरकवलं. शनिवार, रविवार, सोमवार. तिन्ही दिवशी 'सर्व ठीक'. आणि शेवटच्या रकान्यात तिन्ही दिवशी 'स्वतः, पायी'.

"अक्षर तुमचंच ना?" त्यांनी विचारलं.

मी वाकून बघितलं. अक्षर माझंच होतं. माझ्यासारखं अक्षर जगात आणखी एकाचंच आहे, कारण त्याचा हात धरून मी ते गिरवून घेतलं. मी पान उलटलं आणि मागून बोट फिरवलं. मी पेन्सिल दाबून लिहितो, पान ओलं झालं तरी खूण राहावी म्हणून. 'सर्व ठीक' मागे उमटलं होतं. 'स्वतः, पायी' मागे गुळगुळीत. पेन्सिल तू माझीच वापरलीस, ब्लेडने तासलेली, एवढी काळजी घेतलीस. फक्त दाबायला विसरलास. तुला कधी पावसात लिहावं लागलं नाही ना.

मी त्यांना म्हणालो, "सोमवारी सांगतो."

का केलंस तेही कळलं. रकाना रिकामा असता तर पाहणी झालीच नाही असं दिसलं असतं, आणि त्याच नोंदींच्या आधारे तू आठवड्याच्या सुरक्षिततेच्या दाखल्यावर सही केली होतीस. आता काय दिसतं? अनुभवी माणूस तीन दिवस पायी फिरला, बघून ठीक म्हणाला, इंजिनिअरने विश्वास ठेवला. आणि वर हा तुझा कागद, माझ्या सहीसाठी: 'तांत्रिक शिक्षणाच्या अभावी सदर धोका माझ्या लक्षात आला नाही.'

माझ्या लक्षात आला नाही! धाकट्या, नवं ड्रॉइंग घेऊन तुझ्या टेबलापाशी कोण उभं होतं?

इथे उठून मी पाणी प्यायलो. पुढचं लिहायचं नव्हतं. पण चार पानं तुझं लिहून माझं एक पानही लिहायचं नाही, हे बरोबर नाही.

'सर्व ठीक' माझं आहे. तिन्ही वेळा. ते तू लिहिलेलं नाहीस.

त्या शनिवारी मी साइटवर गेलो, ऑफिसात बसलो आणि खाली न उतरता लिहिलं. उतरलो असतो तर दिसलं असतं की बुलडोझरने कापडाची कड वीस-बावीस मीटर उपटून टाकली आहे. 'काम थांबवा' असं मी लिहिलं की काम थांबतं, हा अधिकार त्या रजिस्टरने मला दिलेला आहे. नऊ वर्षांत चारदा वापरलाय. या वेळी वापरला नाही. म्हटलं, काठीच कळते ना, मग घ्या आकडे. शेवटचा रकाना तेवढा रिकामा ठेवला, कारण खोटं लिहायला तिथे हात उठला नाही. त्यालाच मी प्रामाणिकपणा समजत होतो.

आणि सोमवारी ढग आले तेव्हा मला बरं वाटलं. हे तुझ्या वहिनीलाही सांगितलेलं नाही. पाऊस येऊन तुझं नाक कापेल, असं वाटलं. बाईंचं घर मधे आहे, हे मी विसरलो. नाही, विसरलो नाही. त्यांची आठवण आली तर उतरावं लागेल, म्हणून आठवण येऊ दिली नाही.

बाईंच्या दारातलं पाणी त्या मंगळवारी मी बरणीत भरून आणलं. माझी रीत तुला ठाऊक आहे: बरणीमागे छापील कागद धरायचा, अक्षर वाचता आलं तरच ते पाणी हद्दीबाहेर सोडायचं. वहिनी म्हणते, "तुम्ही संसार माझ्याशी करता की त्या बरणीशी?" बारा दिवस ती खिडकीत आहे. जाड माती दोन बोटं खाली बसली, पण बारीक कण अजून तरंगतच आहेत. काल तुझा कागद मागे धरून पाहिला. एकही अक्षर वाचता आलं नाही.

त्यावर सही करणार नाही. कागद सोबत परत पाठवतो.

उद्या साडेदहाला मी चौकशीच्या खोलीत असेन. 'सर्व ठीक' माझं, न उतरता लिहिलेलं, हे सांगणार. का लिहिलं, तेही. रिकामा रकाना मी भरलेला नाही, हे सांगणार. कोणी भरला असेल असं विचारतील. जुन्या ड्रॉइंगची प्रत, तळं असलेली, माझ्या पिशवीत आहे. नव्याचीही. ते विचारायच्या आत तू दार उघडून आलास, तर मी खुर्ची सरकवून तुला जागा देईन आणि त्या दोन शब्दांबद्दल तू बोलशील ते ऐकेन. नाही आलास, तर नाव मी सांगेन. माझं आधी, मग तुझं. याच क्रमाने, कारण मी थोरला आहे.

तुझा परवाना जाईल कदाचित. माझं काम गेल्यातच जमा आहे. तू म्हणशील, दादाला गमवायला होतंच काय, ना परवाना, ना पदवी. माझ्याकडे ते दोनच शब्द होते. तू माझं काहीही मागितलं असतंस तर दिलं असतं, धाकट्या. हे न मागता घेतलंस.

बाईंना मी आज दुपारी सगळं सांगितलं. त्या मशीनवर बसल्या होत्या, पाय थांबवला नाही. शेवटी म्हणाल्या, "उद्या तिथून आल्यावर तिसरं मशीन बघा एकदा. जमलं तर." जमणार नाही. पण बघायला जाईन.

हे पत्र टपालाने पाठवत नाही, कुणाच्या हातीही देत नाही. आत्ता निघतो, आणि तुझ्या दाराखालून आत सरकवून परत येतो. घंटी वाजवणार नाही.

तुझा थोरला भाऊ
स्वतः, पायी