एका रेघेने खोडलेलं

३ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

पुडक्यात सनस्क्रीनच्या दोन बाटल्या आहेत. आमच्या प्रयोगशाळेतल्या, पण ढवळणारा हात माझाच. नाकावरचा उन्हाने आलेला डाग काढल्यावर डॉक्टरीणबाईंनी कागदावर लिहून दिलं की यापुढे ऑफिसातच काम. तू मेअखेरपर्यंतची मुदत मागून घेतलीस आणि सरळ कालव्याच्या मोजणीवर निघून गेलीस. तोवर चेहरा जपला नाहीस, तर तुझी तीस वर्षांची दुर्बीण कायमची पेटीत जाईल.

तुझी तक्रार मला पाठ आहे. सनस्क्रीन घामाबरोबर डोळ्यात उतरतं आणि पाणावल्या डोळ्याने दुर्बिणीतून पट्टीवरचे आकडे दिसत नाहीत, म्हणून तू लावतच नाहीस. यात ऊन अडवणारा पदार्थ लायपोसोमांमध्ये भरलाय. लायपोसोम म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या पिशव्या, सोयाबीनमधल्या स्निग्धांशाच्या. आपल्या पेशींचं आवरणही साधारण तसंच असतं, त्यामुळे त्या त्वचेच्या वरच्या थराला धरून राहतात, घामाने लवकर ओघळत नाहीत. निदान आमच्या यंत्रावर तरी. दर दोन तासांनी लाव आणि खरं तेच कळव.

तुझ्या लोभावरच वाढलेली,
भिंगरी

१५ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

बाटल्या आठवड्यापूर्वीच पोचल्या. इथे फोन लागत नाही, तेव्हा तुला माझं अक्षर सोसावं लागणार. घड्याळ लावून दर दोन तासांनी थापते आहे. समोर पट्टी धरून उभ्या राहणाऱ्या ताईंनी विचारलं, की आज कोणाच्या लग्नाला निघालात. डोळा अजिबात चुरचुरत नाही. लहानपणी तू माझ्या पावडरीत तेल आणि साबण कालवून औषध करायचीस आणि मी ते तोंडाला फासून अंगणभर मिरवायचे. त्यापेक्षा हे पुष्कळच बरं. तुझ्या साहेबांना सांग, पसंत आहे. एवढ्याशा पिशव्या तुम्ही शिवता तरी कशा, याचंच राहून राहून नवल वाटतं.

जेवणाची आबाळ करू नकोस.
तुझी आत्या

२७ मार्च

चि. भिंगरीस,
आशीर्वाद.

मागच्या पत्रातलं 'डोळा अजिबात चुरचुरत नाही' हे वाक्य मी एका रेघेने खोडते आहे. पहिले पाच दिवस ते खरं होतं. सहाव्या दिवशी बाटलीतलं मलम सुटलं, खाली पाणी आणि वर तेल. नाक सोललं. डोळा असा झोंबला की तिनाचा आठ दिसला आणि दुपारची सगळी मोजणी पुन्हा करावी लागली. हे सगळं तुला लिहायला बसले तेव्हा घडून गेलेलं होतं. पण तुझं पहिलंच काम, साहेब पसंतीचा शिक्का हातात घेऊन बसलेले, आणि मी घरचीच त्यात खोट काढू? हात रेटेना.

काल वहीत एक आकडा चुकला. आमच्यात चुकलेला आकडा पुसायचा नसतो, हे तुला मीच शिकवलंय. एक रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि वर खरं लिहायचं. ती रेघ मारताना माझी मलाच लाज वाटली.

तर खरं हे. ती बाटली दिवसभर अवजारांच्या पत्र्याच्या पेटीत उन्हात असायची. पेटीला हात लावला तर चटका बसतो. दुसरी तंबूत सावलीला होती, ती अजून उत्तम आहे, आता तीच वापरते. तुझं काम वाईट नाही, माझी पेटी वाईट. पण उन्हात राबणाऱ्या सगळ्यांचीच बाटली कुठेतरी अशीच तापत असणार, तेव्हा पेटीचा विचार तुलाच करावा लागेल.

रागावली असलीस तरी पत्र पाठव.
तुझी आत्या

२० एप्रिल

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी रडले, मग तेच घेऊन साहेबांसमोर उभी राहिले. शिक्का दुसऱ्याच दिवशी बसणार होता. त्यांनी पत्र दोनदा वाचलं आणि ह्या बाई कुठे शिकल्या म्हणून विचारलं. मी सांगितलं, उन्हात.

आमच्या बाटल्या आम्ही लाडाने गार कपाटात ठेवलेल्या. तापल्यावर पिशव्या फुटतात, एकमेकींत मिसळतात आणि आतला माल बाहेर येतो. आता त्यांच्या आवरणात थोडं कोलेस्टेरॉल घातलंय, त्याने आवरण ताठ राहतं. नाव ऐकून घाबरू नकोस, खायचं नाहीये. गच्चीवर पत्र्याचा डबा ठेवून दोन आठवडे बाटल्या भाजल्या, एकही सुटली नाही. परक्या माणसाने तोंडदेखलं कौतुक करून सोडून दिलं असतं, आत्या. तू घरची, म्हणून खोट सांगितलीस. नवी बाटली पाठवते आहे.

अशीच कान धरत राहा.
तुझी भिंगरी

३१ मे

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

नवी बाटली महिनाभर त्याच पेटीत भाजली. शेवटचा थेंबही पहिल्यासारखाच निघाला. डोळा झोंबला नाही, आणि हे वाक्य खोडायचं नाहीये. पट्टीवाल्या ताई हल्ली माझीच बाटली लांबवतात, तेव्हा पुढच्या वेळी दोन पाठव.

काल डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी भिंग लावून नाक, कान, मान सगळं पाहिलं. नवीन काही नाही. काय लावता म्हणून विचारलं, तर मी तुझ्या पिशव्यांवर असं व्याख्यान दिलं की बाहेर रांग खोळंबली. माझी भाची करते, हे तीनदा सांगितलं. मग त्यांनी माझा जुना कागद पुढे ओढला आणि खणातून व्हाइटनरची बाटली काढली. मी त्यांचा हात धरला आणि सांगितलं, की आमच्यात असं करत नाहीत.

तो कागद सोबत पाठवते आहे, जपून ठेव. 'ऑफिसातच काम' यावर एक रेघ आहे, खालचं स्वच्छ वाचता येतं. वर त्यांच्या अक्षरात लिहिलंय: 'मोजणीवर जाण्यास हरकत नाही. टोपी घालून आणि भाचीचं सनस्क्रीन लावून.'

तुझी आत्या