खायच्या ओळी

आप्पा, तुमच्या नातीला घेऊन मंगळवेढ्याच्या दवाखान्यात बसले आहे. माझी लेक, तुम्ही गेल्यावर जन्मलेली; तुम्ही तिला पाहिलं नाही. तिला सातवा महिना चालू आहे. ओल्या तुरीच्या शेंगा खाव्याशा वाटतात म्हणाली, म्हणून सकाळी तिला आपल्या रानात नेलं. बांधाकडेच्या ओळींवर तुम्ही कधी औषध मारू दिलं नाही. घरच्यांनी, वाटेने जाणाऱ्यांनी तोडून खाव्यात म्हणून ठेवलेल्या त्या खायच्या ओळी. तिथल्याच शेंगा मी तोडून तिच्या ओंजळीत घातल्या. ती दातांनी सोलून खात होती, तेवढ्यात तुमचा धाकटा विहिरीकडून ओरडत आला.

"अक्का, थुकायला सांग तिला! कालच फवारलंय."

"ह्या ओळींवर?"

"मग? अळी हितनंच आत शिरती की. किती दिस आप्पांचंच धरून बसायचं?"

बोलून गेला आणि तिच्याकडे बघून स्वतःच पांढरा पडला. तिला चुळा भरायला लावल्या. गाडी त्यानेच काढली, औषधाची बाटलीही आठवणीने बरोबर घेतली.

इथे बाकावर मला तुम्ही दिसता. तुरीला कळ्या लागल्यात, तुम्ही झाडाखाली पोतं अंथरता, झाड हलवता आणि पडलेल्या अळ्या वाकून बघता. बारीक अळ्या दिसल्या तरच फवारणीचा पंप बाहेर काढायचा. मी शेजारी उभी राहून कंटाळते. "अळी शेंगंत शिरल्यावर मारलेलं औषध अळीला न्हाय लागत, माणसाला लागतं," तुम्ही म्हणता. तेव्हा ते मला नुसतं बोलणं वाटायचं.

डॉक्टर म्हणाले, नाडी ठीक आहे, पण संध्याकाळपर्यंत थांबा. पोरगी मलाच धीर देते. "आई, एका शेंगेत अळी चांगली वळवळत होती. तिला काही झालं नाही, मला काय होतंय?" नर्स हसली. धाकटा दाराबाहेर उभा आहे, आत येत नाही.

मघाशी तिने माझा हात ओढून पोटावर ठेवला. "बघ, हलतंय." मी म्हणाले, "हो गं, हललं."

हे कागद तुमच्यापर्यंत पोचायचे नाहीत, म्हणूनच लिहिते. आप्पा, तिच्या पोटावर माझ्या हाताला काहीच लागलं नाही.