शेवटच्या फुलाची बाह्यरेषा

सोमवार, ९ मार्च
मावशींचं मनगट मोडलं. मावशी बायकोच्या, राहतात आमच्याकडे, धाक मात्र मला एकट्याला. उजवा हात प्लास्टरमध्ये. आठवडाभर सासूबाईंकडे आराम करणार. जाताना एकच बजावणी: जावईबापू, माझ्या उशीला हात लावायचा नाही.

उशी म्हणजे लेस विणायची. वर टाचण्यांचं रान, भोवती दोरे गुंडाळलेल्या बॉबिनी लोंबताहेत. वर्षभराचं काम, फक्त शेवटचं फूल बाकी. रविवारी हॉलवर प्रदर्शन आणि बक्षिसं, मावशींची पहिलीच वेळ. गाडीत बसताना त्यांनी तोंड फिरवलं. रडत होत्या.

ते फूल मी करणार. गुपचूप. जन्मभर ऑफिसात नकाशे काढले, बाह्यरेषा म्हणजे आपल्या हातचा मळ. भीती अजिबात नाही. दार आतून लावलंय ते वाऱ्यामुळे.

मंगळवार, १० मार्च. संध्याकाळ
अभ्यास पूर्ण. बारीक दोरे जोडीजोडीनं विणले जातात. जाडा दोरा एकटा, तो फुलाच्या कडेनं फिरून बाह्यरेषा उठवतो. त्याला विणायचं नाही. प्रत्येक जोडीच्या दोन दोऱ्यांमधून नुसता सरकवायचा. सरकवण्याआधी जोडीला पीळ, नंतर पुन्हा पीळ, म्हणजे जागचा हलत नाही. हे सगळं मी सोफ्यावरून कितीदा पाहिलंय.

नंतरचा पीळ अनावश्यक वाटतो. मावशींचा स्वभावच अतिसावध. वगळणार.

उशीपाशी काय करताय, असं बायकोनं विचारलं. धूळ झटकतोय म्हटलं. म्हणाली, इतक्या वर्षांत फ्रिजवरची धूळ कधी दिसली नाही तुम्हाला. दचकून टाचणी बोटात घुसली.

बुधवार, ११ मार्च
श्रीगणेशा झाला. वेग उत्तम. अर्ध्यात टाचण्या संपल्या. मावशींच्या मागच्या फुलात ढीगभर होत्या, त्या उपसून वापरल्या. ते फूल पूर्ण झालेलं आहे, त्याला आता टाचण्यांचं काय काम? व्यवस्थापन म्हणतात ते हेच.

दारावर बेल वाजली तेव्हा उशीवर टेबलक्लॉथ टाकून शेजारी पेपर वाचत बसलो. कुरिअरवाला होता. सही पेनाऐवजी टाचणीनं करायला गेलो.

गुरुवार, १२ मार्च. दुपार
फूल तयार. जरा बटाट्यासारखं दिसतंय. जाडा दोरा जागोजागी सैल पडून कडेबाहेर डोकावतोय. उपाय सोपा. टोक धरून ओढायचं, रेघ ताठ होईल.

गुरुवार. थोड्या वेळानं
ओढलं.

माझं फूल मूठ आवळल्यासारखं मिटलं. त्याचं एक वेळ चालेल. पण हा जाडा दोरा मागच्या फुलातूनच पुढे आलेला आहे. मावशींचं फूलही मिटलं. धरून ठेवायला त्यात एकही टाचणी नव्हती.

टेबलक्लॉथ टाकला. तीन ग्लास पाणी प्यालो. पुन्हा उचलून पाहिलं, तसंच.

शुक्रवार, १३ मार्च
सुईनं दोरा मागे सारण्याचा प्रयत्न. दोरा पिंजला. आता सुईला हात लावणार नाही. कशालाच लावणार नाही.

सासूबाईंचा फोन. मावशींना चैन पडत नाही, उद्याच आणून सोडते म्हणाल्या. मी म्हटलं, हवाबदल पुरेसा झाला का? त्या म्हणाल्या, दोन गल्ल्या सोडून कसली हवा बदलते हो?

मांजरावर ढकलता येईल. आपल्याकडे मांजर नाही. उद्या सकाळपर्यंत मिळेल का?

शनिवार, १४ मार्च
आल्या. चप्पल काढण्याआधी टेबलक्लॉथ काढला.

मिटलेल्या फुलावरून बोट फिरवलं. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मग विचारलं, कोणी केलं? मी म्हटलं, उकाड्यानं झालं असेल. बायकोनं कपाळावर हात मारला. मावशी म्हणाल्या, मागच्या टाचण्याही उकाड्यानंच काढल्या का, जावईबापू?

बसा, म्हणाल्या. बसलो.

त्यांना एकच हात, म्हणून उसवायचं मी. एकेक जोडी. त्या शेजारी बसून सांगणार. त्यांनी सांगितल्याशिवाय श्वासही घ्यायचा नाही, अशी अट.

रविवार, १५ मार्च
सकाळपासून उसवतोय. पिंजलेला दोरा कापून काढला. मावशींच्या फुलाच्या सुरुवातीपर्यंत मागे गेलो, आता तिथून पुन्हा पुढे. हॉलवर जाऊन तुमची तब्येत बरी नाही असं सांगून येतो, म्हटलं. त्या म्हणाल्या, डावीकडची जोडी उचला.

दुपारी चार वाजता त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. म्हणाल्या, आता बक्षिसं देत असतील. मग नाक पुसलं आणि म्हणाल्या, पीळ द्या.

माझा हात इतका कापत होता की बॉबिनी एकमेकींवर आपटून वाजायला लागल्या. खरंच घाबरलो होतो. मावशींनी आपला डावा हात माझ्या हातावर ठेवला आणि माझा हात स्थिर होईपर्यंत काढला नाही. मी पीळ दिला.

त्यांनी वाकून पाहिलं. म्हणाल्या, उलटा दिलात.