उदबत्तीचा धूर

भोर, सोमवार, ५ ऑगस्ट १९५७

‘भोर-वेल्हेकरांनो, आपल्या वाट्याला येतं ते शहरानं टाकून दिलेलं यंत्र!’ उद्याच्या सभेसाठी एवढंच लिहिलं. पुढे सुचेना. तो धूर डोळ्यांपुढून जात नाही.

सकाळी इस्पितळात गेलो होतो, पासली गावच्या ठकूबाईंची मुलगी सोनी हिला बघायला. पोलिओनं छाती हलत नाही, म्हणून पुण्यानं टाकून दिलेल्या, श्वास देणाऱ्या लोखंडी पेटीत ठेवलेली, डोकं तेवढं बाहेर. पेटी हवा ओढते तेव्हा पोरीची छाती फुगते. मी असतानाच दाबाचा काटा घसरू लागला. डॉक्टरांनी मोटर, भाता, झाकण तपासलं. हवा कुठून शिरते, कळेना. सोनीचे ओठ निळे पडले.

ठकूबाईंनी पेटीपुढे उदबत्ती लावली. मी ओरडलो, “बाई, हा देव नाही. विझवा ती!”

“देव न्हाई, तर माज्या सोनीला दम कोन देतंय? तुमचं भाषान?”

मी हात पुढे केला. डॉक्टरांनी मनगट धरलं. “थांबा! धूर बघा.”

धूर सरळ चढता चढता वळला आणि सोनीच्या गळ्याशी आत ओढला गेला. तिथली रबरी गळपट्टी चिरली होती. चिकटपट्टी लावल्यावर काटा चढला. पण ही पट्टी उद्या संध्याकाळपर्यंतच टिकेल, असं डॉक्टर म्हणाले.

आणि मी विझवली असती तर?

भाषण फाडलं. सभा राहू दे. उद्या पहिल्या एसटीनं पुण्याला जायचं आणि नवी गळपट्टी घेऊन यायचं.