शनिवारचा वर्ग चालू आहे, वन्सं

वन्सं,

काल तुमचं वर्षश्राद्ध झालं. जेवणं उरकल्यावर मंडळी पडवीत बसली आणि एकेक जण तुमच्याबद्दल बोलला. खर्ड्याच्या शाळेतले तुमचे जुने विद्यार्थी आले होते, त्यातल्या एकाचे तर आता केस पिकलेत. सगळे चांगलं बोलले. मी आत भांडी आवरत होते आणि मला कुणी बोल म्हणालं नाही. ते बरंच झालं. मला जे सांगायचंय ते सगळं तुमच्या माघारी घडलेलं आहे. ते त्या मंडळींना सांगून काय उपयोग? आज पाहुणे गेले, घर रिकामं झालं, म्हणून लिहायला बसले.

तुम्ही रिटायर होऊन पाथर्डीला आमच्याकडे राहायला येणार, हे कळलं तेव्हा मला धसका बसला होता. तुम्हाला ते कधी जाणवलं का? लग्न न केलेली थोरली नणंद, त्यातून इतिहासाची बाई. म्हटलं, आता आयुष्यभर वर्गात बसल्यासारखं बसायचं. तुम्ही आलात, पुस्तकांची खोकी उतरवून घेतलीत आणि स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून म्हणालात, "सुमन, तुझ्या चुलीपाशी मी लुडबूड करणार नाही. मला फक्त अंगण दे."

अंगण कशाला हवं होतं ते मला नंतर कळलं. ऋचा तेव्हा सहावीत होती. टीव्हीवर कुठल्याशा युद्धाच्या बातम्या चालू होत्या आणि तिनं विचारलं, आत्या, हे देश आहेत कुठं आणि भांडतात कशाला? तुम्ही तिला बाहेर नेलंत आणि रांगोळीनं अंगणात जग काढायला बसलात. वन्सं, रागावू नका, पण तुमची आफ्रिका वांग्यासारखी दिसत होती. मी कपडे वाळत घालता घालता हसले, तर तुम्ही रांगोळीचा डबा माझ्याच हातात दिलात. तेव्हापासून दर शनिवारी दुपारी नकाशा बघून जग काढायचं काम माझं झालं. हळूहळू नकाशा लागेनासा झाला. दक्षिण अमेरिका तर मी बोलत बोलत काढायची.

ऋचाच्या मागून आळीतली पोरं यायला लागली. सहावीपासून दहावीपर्यंतची. त्यातल्या निम्म्यांचे आईबाप दिवाळी झाली की ऊसतोडीला जायचे आणि गुढीपाडव्याच्या सुमाराला परतायचे. पोरं तोवर आज्यांपाशी. शाळेत जगाचा इतिहास पाच-सात पानांत उरकायचा, तुम्ही त्यातल्या एका पानावर महिना काढायचात. एकदा तुम्ही पोरांना सांगितलंत, पाचशे वर्षांपूर्वी आपल्याकडं काय काय नव्हतं ते आपल्या ताटातून काढून टाका. मिरची गेली, बटाटा गेला, टोमॅटो गेला, शेंगदाणाही गेला. ठेचा नसलेला मुलूख काही पोरांना सहन होईना. मग जहाजं आली, वारे आले, कोण कुणाच्या देशात कशासाठी गेलं ते आलं. मी दारात गहू निवडत ऐकायची. माझी बारावी राहुरीला झालेली, पण असा इतिहास मला कुणी सांगितला नव्हता.

आणि मग तो शनिवार. तुम्ही फ्रान्सच्या राज्यक्रांतीवर होता. राजा-राणी वेष पालटून बग्गीतून पळाले, वाटेत कुणीतरी ओळखलं आणि पकडले गेले. तिथं तुम्ही थांबलात. पुढचं पुढच्या शनिवारी म्हणालात. पोरं गेल्यावर पाणी मागितलंत, आणि मग सांगितलंत की सकाळपासून छातीत दुखतंय. सकाळपासून! वर्ग एक दिवस बुडाला असता तर काय झालं असतं हो? एवढ्या एका गोष्टीसाठी मी अजून तुमच्यावर चिडलेली आहे. नगरच्या दवाखान्यात नेताना करंजीच्या घाटात तुम्ही माझा हात धरून म्हणालात, ह्याला सांग गाडी हळू घे. तुमच्या भावानं हळू घेतली. नगरला पोचलो. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत तुम्ही गेलात.

तेराव्यानंतरच्या शनिवारी मी अंगण झाडत होते. वर बघते तर फाटकाशी पोरं उभी. पुढं कोमल. तुमची आवडती, मागच्या आळीतल्या रामदासची थोरली. तेव्हा नववीत होती. सगळ्यांनी चपला बाहेर काढलेल्या, कुणी आत येईना. कोमल म्हणाली, "काकू, राजाचं काय झालं?"

मी काय सांगणार होते? मला वाटलं होतं पोरं भेटायला आली असतील. राजाला मारलं, एवढं मला माहीत होतं, ते मी सांगितलं. लगेच एकानं विचारलं, मग दुसरा राजा कोण झाला? कोमलनं विचारलं, राजा मारायचाच होता तर आधी त्याला पळू का दिलं? मी म्हणाले, पुढच्या शनिवारी सांगते. झालं. तोंडातून शब्द गेला आणि मी तुमच्या जागी बसले.

तो आठवडा मी तुमची खोकी उपसण्यात घालवला. वन्सं, एखादं टिपण तरी काढून ठेवायचं! सगळं डोक्यात घेऊन गेलात. पुस्तकं जाड, अर्धी इंग्रजी. ऋचा मोबाईलवर शोधून द्यायची, मी भाकरी थापता थापता वाचून घ्यायची. हे म्हणाले, कशाला डोक्याला ताप करून घेतेस, शाळा आहे की. मी म्हटलं, शाळेत ताईंसारखं कोण सांगतंय? शनिवारी सकाळी त्यांनी स्वतः अंगणात सडा मारला.

दिवाळी झाली, ऊसतोडीच्या टोळ्या गेल्या. कोमलचे आईबापही कर्नाटकाच्या बाजूला कारखान्यावर गेले. कोमल आजीपाशी. थंडीत एका शनिवारी मी उसाचा धडा घेतला. पुस्तकात तसा धडा नाही, पण माझं माहेर मुळा नदीच्या कालव्यावरचं, उसात वाढलेली मी. म्हटलं, निदान हे तरी मला नीट सांगता येईल. साखर करायची कला आपल्याकडं निघाली, अरबांबरोबर पश्चिमेला गेली, तिथून समुद्रापल्याडच्या बेटांवर. त्या बेटांवर ऊस तोडायला आफ्रिकेतली माणसं गुलाम करून नेली. पुढं गुलामी बंद झाली, तर मळेवाल्यांनी आपल्याकडची माणसं करारावर नेली. मॉरिशसला आपल्या मराठी मुलखातलीसुद्धा गेली. अॅग्रीमेंटचं त्यांनी गिरमिट केलं. कोमलनं अंगठ्यानं मॉरिशसच्या ठिपक्याभोवती गोल काढला.

त्या गोलाचा अर्थ मला पाडव्यानंतर कळला. रामदास आला. मी या म्हटलं तरी पायरीवरच थांबला. बस म्हटलं तरी बसेना. तो म्हणाला, ताई, पोरीला तुमच्याकडं धाडायचं आता बंद. सोयरीक आलेली आहे, पोरगं पण तोडीलाच जातं, पुढच्या हंगामाला जोडीनं जातील. मी विचारलं, अचानक का? तेव्हा तो खाली बघत बोलला.

"पोरीनं फोनवर मला इचारलं, पप्पा, तुमी तुमच्या मर्जीनं जाता का? ताई, इतक्या वर्षांत मुकादमानं मला ते इचारलं न्हाई. बायकोनं न्हाई. माझं मी मला इचारलं न्हाई. तुमी असलं काय शिकवता?"

वन्सं, तुम्ही असता तर काय म्हणाला असता? मला तुमची त्या क्षणी फार आठवण आली. मला वाटलं होतं तो म्हणेल, आम्हाला गुलाम म्हणता का. त्याचं उत्तर मी मनात तयार करत होते. पण तो बोलला ते भलतंच. मी आत गेले, चहा टाकला. चहा घेऊन आले तेव्हा तो पायरीवर बसला होता.

मग मी तोच धडा त्यालाही सांगितला. लपवलं नाही की गोड केलं नाही. गेलेल्यांतली काही माणसं परत आली, बरीच तिकडंच राहिली. शेवटी त्यानं विचारलं, "आन् त्यांच्या पोरांचं काय झालं?"

मला ते माहीत होतं, कारण कोमलनंही तेच विचारलं होतं आणि मी आठवडाभर शोधलं होतं. मी म्हणाले, दिवसभर ऊस तोडून आलेली माणसं संध्याकाळी एका छपरात पोरांना जमवायची आणि येईल तेवढं शिकवायची. बैठक म्हणायचे त्याला. त्या पोरांची पोरं शिक्षक झाली, वकील झाली, पुढं देश त्यांनी चालवला. तिथं अजून मराठी शिकवतात.

रामदासनं कप खाली ठेवला, येतो म्हणाला आणि गेला. कोमल त्या शनिवारी आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. अंगणातली तिची जागा, रांगोळीतल्या ब्राझीलजवळची, रिकामी राहायची. मला सारखं वाटायचं, आपण नको त्या विषयाला हात घातला. ठेचा-बटाट्यावरच थांबायला हवं होतं का? तुम्ही इतकी वर्षं शिकवलंत, तुमच्यावर असा प्रसंग आला होता का कधी? मी कधी विचारलंच नाही.

मे महिन्यात एका संध्याकाळी रामदास पुन्हा आला, या वेळी बायकोला घेऊन. सिंधू तिचं नाव. तिला मी आजवर फक्त नळावर पाहिलेली. तिनं आणलेली बाजरी माझ्यापुढं ठेवली आणि नवऱ्याकडं न बघता बोलली.

"पाव्हन्यांना न्हाई म्हणून सांगितलं. पोर धाव्वी करंल. पर सासूबाईला आता दिसंना झालंय, पोरीला तिच्यापाशी एकटी कशी ठिवू? हंगामभर तुमच्याकडं र्‍हाऊ द्या तिला. कोयत्याला मी हाय की, ती नगं."

रामदास म्हणाला, "मर्जीचं इचारलं तिनं. माझ्या मर्जीचं ठावं न्हाई, तिची मर्जी शिकायची हाय. तेवढं तर करतो." त्याच्या आईची सोय बहिणीकडं केली होती, तेही त्यानं सांगितलं. सगळं ठरवूनच आली होती दोघं.

मी यांच्याकडं बघितलं. हे म्हणाले, ताईची खोली मोकळीच आहे. मला वाटतं तुमचा भाऊ तुमच्या माघारी पहिल्यांदा त्या खोलीचं नाव रडू न येता घेऊ शकला.

कोमल आता दहावीत आहे. कालच्या जेवणाला पंगतीत वाढत होती, तुम्ही पाहिलं असतंत तर म्हणाला असतात, किती उंच झाली. ऋचा आठवीत गेली. गेल्या महिन्यात दोघींनी मिळून धाकट्यांना बर्लिनची भिंत पडली तो धडा सांगितला आणि मी नुसती बसून ऐकला. दोन ठिकाणी चुकल्या. तुम्ही चष्मा वर करून बघितलं असतंत, तसं मी बघितलं. कोमलनं लगेच दुरुस्त केलं.

दोन आयांनी परवा मला देवळाजवळ गाठलं. त्यांच्या सातवीतल्या आणि नववीतल्या मुली आहेत, हंगामाला त्यांनाही बरोबर न्यायची इच्छा नाही. मी यांना विचारून हो म्हणाले. तेव्हा वन्सं, येत्या दिवाळीपासून तुमच्या खोलीत तिघी असतील. पुस्तकांची खोकी भिंतीला लावून जागा केली आहे, एकही पुस्तक बाहेर काढलेलं नाही.

मी तुम्हाला शब्द देते. त्या मुलींना मी सांभाळीन आणि मला येईल तेवढं जग सांगेन. जे येणार नाही ते येत नाही म्हणेन. आणि कोमलची दहावी झाल्यावर पुन्हा कुणी सोयरीक घेऊन आलं, तर रामदासच्या दारात मी जाऊन बसेन. या वेळी चहा त्यानं टाकायचा.

तुमच्या भावाची बायको, आणि आता तुमच्या वर्गाची बाई,
सुमन